राई गांव आणि त्याचे बांध

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाडीनें भाईंदर स्थानकावर उतरून पश्चिमेस उत्तनची वाट धरली, म्हणजे मुर्धा, राई व मोर्वा हीं तीन गांवें एकापाठीमागून एक लागतात. त्यांपैकीं मधल्या राईविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. मराठींत ‘राई’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. संस्कृतांत जिला राजिका म्हणतात ती मोहरी हा एक, आणि आमराई, देवराई ह्या शब्दांतली दाट झाडी हा दुसरा. नांवावरून इतिहास रचण्याचा मोह भल्याभल्यांस आवरत नाहीं. परंतु ह्या गांवाचा खरा इतिहास नांवांत नसून पायाखालच्या मातींत आहे, आणि ती माती बांधांनीं राखलेली आहे.

साष्टी बेटाचा हा वायव्य कोपरा होय. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व दक्षिणेस मनोरीची खाडी. डोंगरीची टेकडी आणि भाईंदर ह्यांच्या मधली भूमि इतकी सखल आहे कीं, बांध नसता तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचें पाणी तिच्यावर सहज पसरलें असतें. जेथें बांध नाहीं, तेथें तिवरांचें रान आहे. जेथें आहे, तेथें शेत किंवा मिठागर.

राज्यें ह्या कोपऱ्यानें पुष्कळ पाहिलीं. गुजरातच्या बहादुरशहानें इ. स. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांस दिली, तींत हा मुलूखही गेला. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें वसई घेतली. खाडीच्या मुखावर नजर ठेवणारा डोंगरीकडील धारावीचा किल्ला त्या मोहिमेंत किती मोलाचा होता, हें नकाशा पाहतांच वाचकांच्या ध्यानीं येईल. पुढें १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांनीं घेतली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांजकडे कायम झाली. १८७० मध्यें घोडबंदर, मिरे व भाईंदर येथील पुष्कळ जमीन इंग्रज सरकारनें ९९९ वर्षांच्या पट्ट्यानें दिली, तीही खारें पाणी अडविण्यासाठीं बांध घालावेत ह्या अटीवर. राजे बदलले, बांधाची गरज बदलली नाहीं.

त्या बांधाच्या आधारें दोन धंदे चालत आले. पहिला मिठाचा. समुद्राच्या शंभर शेर पाण्यांत क्षार असतात ते अवघे साडेतीन शेर. भरतीचें पाणी साठवणींत घेऊन उथळ तळ्यांतून पुढें पुढें सोडीत नेतात. ऊन व वारा ह्यांनीं तें आटत जातें, आणि चोपून गुळगुळीत केलेल्या शेवटच्या वाफ्यांत मिठाचे खडे धरतात. ते लांकडी फळीनें ओढून राशीस लावतात. उरलेलें कडू पाणी वेळीं काढून टाकावें लागतें, नाहीं तर मीठ कडवट होऊन पाझरूं लागतें. हें सारें पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंतच्या मुदतींत उरकावयाचें असतें.

दुसरा धंदा भातशेतीचा. पहिल्या पावसानें जमिनींतला खार धुऊन निघतो, आणि मग तेथें एक पीक येतें. पावसाचें पाणी ओहोटीस बाहेर जावें, पण भरतीचें आंत येऊं नये, म्हणून बांधास उघाडी ठेवितात. खेंकड्यानें पाडलेलें एक भोंक दुर्लक्षिलें तर एका उधाणांत खिंडार पडतें, आणि खाऱ्या पाण्याखालीं गेलेलें शेत पुन्हां लागवडीस येण्यास कैक पावसाळे लागतात. म्हणून बांध राखणें हें एकट्याचें काम नव्हे. मुंबई सरकारनें १९४८ मध्यें खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदा केला, त्याचें कारण हेंच.

आतां काळ पालटला आहे. १९८५ मध्यें मिरा-भाईंदर नगरपालिका झाली. १९९० मध्यें राई-मुर्धाही तींत आलीं. २००२ मध्यें महानगरपालिका झाली. २००१ च्या गणतींत ५,२०,३८८ असलेली वस्ती २०११ मध्यें ८,०९,३७८ झाली. भाईंदरास पोलादी भांड्यांचे कारखाने निघाले, आणि घरटी कोणी ना कोणी मुंबईच्या गाडीस लटकूं लागला. मिठागरांत उन्हांत राबणारा तरुण आतां विरळा, व त्याबद्दल त्यास बोल लावण्याचा अधिकार पंख्याखालीं बसणाऱ्या आम्हांस नाहीं. मेट्रोच्या नवव्या मार्गाची कारशेडही प्रथम राई, मुर्धा व मोर्वा येथें योजिली होती. शेतें-घरें जातील म्हणून ग्रामस्थांनीं विरोध केला, आणि ती डोंगरीस नेण्याचें ठरलें. तेथें टेकडीवरील झाडांचा प्रश्न उभा राहिला.

येथें हंगेरी देशांतल्या सेगेद शहराची आठवण होते. टिसा नदीच्या कांठचें हें शहर मार्च १८७९ मध्यें महापुरांत बुडालें. फुटला तो बांध शहराच्या वेशींत नव्हता, तर वरच्या अंगास, दूर होता. पांच हजारांहून अधिक घरांपैकीं उभीं राहिलीं तीं अवघीं २६५. पुढें युरोपच्या साह्यानें शहर नव्यानें रचलें गेलें, व उपकार स्मरून वळणाच्या हमरस्त्याच्या एकेका भागास रोम, पॅरिस, लंडन अशीं नांवें दिलीं.

भाईंदरच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास राईचा बांध हा दूरचाच वाटणार. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां सखल मोकळ्या जागेचें मोल सर्वांस कळलें. आजवर बांध राखला तो ज्यांचें पोट त्यावर होतें त्यांनीं. तें पोट दुसरीकडे भरूं लागल्यावर बांध कोणीं राखावा, ह्याचें उत्तर आतां राईनें एकटीनें नव्हे, साऱ्या शहरानें द्यावयाचें आहे. एकत्र कुटुंबांत सामाईक भिंतीची डागडुजी ‘दुसरा करील’ म्हणून राहिली, कीं काय होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.