पिस्तुलाचें माप

आमच्या नाशिकच्या घरीं धाकट्या बंधूंनीं डेरिंजर हें मुठींत मावणारें पिस्तूल घेण्याचा विषय काढला. माप ०.२२ चें कीं ०.३२ चें, एवढाच त्यांचा प्रश्न. हलक्या पिस्तुलांतून मोठें काडतूस उडविल्यास हातास धक्का जबर बसतो; म्हणून आम्ही लहानाकडे झुकलों. परंतु पिस्तूल लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. १८६५ सालीं नाटकगृहांत लिंकन ह्यांवर झाडलेलें डेरिंजर एकबारीच होतें, ०.४४ मापाची ती एकच गोळी पुरली. १९०९ सालीं आमच्या विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेऱ्यांनीं कलेक्टर जॅक्सनचा वध केला, तोही पिस्तुलानेंच.

मातोश्रींनीं विचारलें, "अरे, तें ठेवणार कोठें?" कुलपांत ठेवावें तर प्रसंगीं निरुपयोगी, हाताशीं ठेवावें तर मुलांच्याही हाताशीं. परवान्याचा अर्ज अद्यापि कोराच आहे.