ढग नसलेले चार दिवस

कॅमेरा घेऊन निपाणीला काकांकडे गेले ती फेब्रुवारीत, आणि चारही दिवस आभाळात बोटभर ढग नव्हता. पहिल्या दिवशी तवंदी घाटाच्या माथ्यावरून वीसेक फोटो काढले. सगळ्यांत वर दोन हिस्से निळं, खाली पट्टीएवढी जमीन. चार फोटो पुण्याला आजोबांना पाठवले. गुडघ्यांमुळे त्यांचं गावी येणं बंद झालंय; "आपलं रान दाखव" एवढंच त्यांनी सांगितलं होतं. लगेच फोन आला, "हे आपलं कशावरनं गं? आभाळ काय, पुण्यातबी हाय की."

मग दुसऱ्या दिवशी आभाळच कापलं. क्षितिज अगदी वरच्या कडेला नेलं आणि सगळी जागा रानाला दिली. तंबाखूची कापणी चालू होती. काळ्या मातीवर पानं वाळत पडलेली, काही अजून हिरवट, काही तपकिरी. दुपारी हेच रान सपाट, मेल्यासारखं दिसतं. सकाळी साडेसातला ऊन आडवं येतं तेव्हा एकेका ढेकळाला सावली असते. ढग नसल्याचा हा फायदा मला तोवर कळलाच नव्हता. सावल्या ठसठशीत पडतात, आणि ऊन मधेच जाईल ही धास्ती नाही. काकू बांधावरून न्याहारी घेऊन आल्या, त्यांची सावली चार सऱ्या ओलांडून गेली. तो फोटो साधला.

आभाळ गडद करायला पोलरायझर फिल्टर लावतात. सूर्य आपल्या खांद्याच्या बाजूला असला की त्याचा परिणाम जास्त. पण माझ्या वाइड लेन्सवर आभाळ एकीकडे काळपट, दुसरीकडे फिकट यायला लागलं, म्हणून काढून ठेवला. अॅन्सेल अॅडम्सने १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचा फोटो घेताना पिवळा फिल्टर पुरेना म्हणून शेवटच्या प्लेटला गडद लाल लावला. निरभ्र आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा उठून दिसला. मी बांधावरच्या बाभळीचा फोटो कृष्णधवल करून त्यातला निळा उतरवला. बाभूळ बरी आली. हाफ डोम नाही झाला!

तिसऱ्या दिवशी बेळगाव, सुमारे पाऊणशे किलोमीटर. किल्ल्यातल्या कमल बसदीत, १२०४ च्या त्या मंदिरात, आभाळाचा प्रश्नच नव्हता. खांबांवरून सरकणारं ऊन पुरे.

संध्याकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर सगळे मावळतीकडे मोबाइल धरून उभे. ढगांशिवाय तिकडे नुसता पिवळा गोळा. मी पाठ फिरवली. सूर्य बुडाल्यावर पूर्वेला निळसर-करडा पट्टा वर चढतो, त्यावर गुलाबी. तो करडा पट्टा म्हणजे आपल्याच पृथ्वीची सावली, आणि ती अशा कोऱ्या आभाळातच स्वच्छ दिसते. तिथे मात्र मी आभाळाला पाऊण फ्रेम दिली.

पुण्यात आल्यावर आजोबांनी गडाचा फोटो भराभर पुढे सरकवला. रानाच्या फोटोवर थांबले. दोन बोटांनी मोठा करून, पार वरच्या कडेला नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"बांधापलीकडं ऊस दिसतोय. कवा केला?"

काकांना हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी फोन माझ्याकडे दिला, "लाव त्याला."