आखरावरची भाजी

मृगाचा पाऊस दोन-तीनदा नीट पडला की गडचिरोली-धानोरा रस्त्याच्या दोन्ही कडा हिरव्या होतात, आणि त्या हिरव्यात मोठा वाटा तरोट्याचा असतो. पुण्या-कोकणाकडे ज्याला टाकळा म्हणतात, तोच. धानोरा तालुक्यात शिकवायला होते तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी मला टोपली घेऊन सोबत नेलं. रानभाजी म्हणजे रानातच जायचं, अशा समजुतीने मी सागा-येनाच्या दाटीकडे वळले. काकू गुरं जमतात त्या आखरावरच थांबल्या.

"जंगलात काहून जाता मॅडम? तरोटा इथंच राह्यते."

पुढे चंद्रपूरकडे मूल, सिंदेवाहीच्या रस्त्यांनी फिरतानाही तेच दिसलं. झाडांची सावली दाट झाली की तरोटा संपतो. त्याला ऊन पाहिजे आणि उकरलेली जमीन: गुरांच्या वाटा, पडीक बांधी, घर पडून राहिलेली जागा, रस्त्यासाठी टाकलेला मुरूम. त्याचं बी इतकं टणक की मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पानांना उग्र वास, म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. बाकीचं गवत चरून साफ करतात आणि तरोट्याला आयती मोकळी जागा मिळते. जंगल मोडलं की हा येतो. रानभाज्यांच्या महोत्सवात त्याच्यामागे घनदाट अरण्याचं चित्र लावलेलं पाहिलं की मला हसू येतं. तो माणसाच्या आणि गुराच्या पावलांमागून चालणारा आहे.

अमेरिकेतलं पोक नावाचं झुडूप याच स्वभावाचं. तेही कुंपणाकडेला, तोडलेल्या जंगलात, पडीक शेतात उगवतं. पाखरं त्याची जांभळी फळं खातात आणि बी दूरवर टाकतात. वनस्पती विषारी, तरी तिकडची गरीब माणसं वसंतात तिचे कोवळे कोंब दोन-तीन पाण्यांत उकळून, ते पाणी फेकून, भाजी करत आली.

पाणी फेकायची ही रीत गडचिरोली-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीला नवी नाही. बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, चिरून उकळतात आणि ते पाणी टाकून देतात. धान उभं असतानाच ओल्या बांधीत जी लाखोळी फेकतात, तिची डाळ रोज पोटभर खात राहिलं तर पाय लुळे पडू शकतात. तिचंही उकळलेलं पाणी टाकणं चांगलं. तरोटा इतका घातक नाही, पण पोट ढिलं करतो. काकू तो उकळून मुठीत घट्ट पिळायच्या, मग तेलात लसूण, कांदा, वाळली लाल मिरची आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून परतायच्या. थोडा कडवट, थोडा मेथीच्या जवळचा स्वाद. सोबत भात. मी तेव्हा भाकरी मागितली, तर घरभर हशा पिकला.

खुडायची वेळही ठरलेली: सकाळची, कारण संध्याकाळी पानं जोडीजोडीने मिटतात आणि कोवळं-जून कळत नाही. चार-सहा पानांचं रोप झालं की शेंडा खुडायचा. पोळ्यापर्यंत तो कमरेला लागतो, पिवळी फुलं येतात, मग कोणी त्याच्याकडे बघत नाही. थंडी पडली की बारीक, वाकड्या शेंगा वाळतात. बी झोडून व्यापाऱ्याला विकतात. त्यापासून डिंकासारखी पूड काढतात. चीन-जपानात ते भाजून चहासारखं पितात.

त्याच आखरावर तरोट्यासारखाच दिसणारा कासविंदाही असतो, आणि शाळेतल्या पोरांना मी मुद्दाम शिकवलं ते एवढंच. तरोट्याची पानं तीन जोड्यांची, टोकाला गोल. कासविंद्याची चार-पाच जोड्यांची, टोकदार, शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं त्याच्या बिया खाऊन दगावल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं. २०१६ मध्ये बस्तरपलीकडच्या मलकानगिरीत शंभरावर मुलं गेली, तेव्हा जपानी मेंदूज्वरासोबत याच बियांकडेही तज्ज्ञांनी बोट दाखवलं. पोरं हे सगळं ऐकून घेत. मग त्यातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्याचा वास येगळा आहे ना." ती पानं मोजत नव्हती.

गेल्या पावसाळ्यात परत गेले तेव्हा काकू बांधीच्या धुऱ्यावरचा तरोटा सोडून पुढे गेल्या. कोवळा, भरगच्च होता. "तिथं औषध मारलं धानाले," म्हणाल्या. रस्त्याकडचाही नको, गाड्यांची धूळ बसते. शेवटी टोपली भरली ती शाळेच्या पडक्या संडासामागे.