रक्ताचा पाक

2022 साली मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आमच्या घरी रक्त पातळ झाल्याची तक्रार आली आणि तिचे निवारण आमच्या वहिनींनी चुलीपाशी बसून केले. हे विधान वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही. ज्या रक्ताची ही गोष्ट, ते एका चित्रपटासाठी तयार होत होते. त्या चित्रपटात एक मुखवटा घातलेला इसम एकामागून एक सहा माणसांचा सुऱ्याने वध करतो, आणि ह्या सहा वधांत रक्ताची जबाबदारी ज्याच्याकडे होती, तो आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा होय.

आमचे बिऱ्हाड जुन्नरास. शेत आणि जुना वाडा मात्र आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठच्या एका खेड्यात. वाड्यात आता कायम कोणी राहत नाही. डिंभ्याच्या धरणाचे पाणी कालव्याने आल्यापासून भोवतालची बाजरी गेली आणि ऊस आला. उसाबरोबर बिबट्या आला. उसाच्या दाट फडात त्याची मादी पिले घालते, तेथेच ती वाढतात, आणि ऊसतोड लागली की बिथरून बाहेर पडतात. जुन्नरजवळ माणिकडोहास पकडलेल्या बिबट्यांसाठी वनखात्याने केंद्र काढले आहे, हे आता दूरदूरच्या लोकांसही ठाऊक आहे. आमच्याकडे दिवेलागणीनंतर मुलांना अंगणात एकटे सोडत नाहीत. ह्याचा उल्लेख येथेच करून ठेवतो, कारण पुढे तो लागणार आहे.

तर ह्या वाड्यात नऊ दिवस चित्रीकरण करू द्यावे, असा अर्ज घेऊन चिरंजीव आले. स्वारी इंजिनिअर झालेली. पण पदवी हाती पडताच तिने मुंबईस रंगभूषेचे शिक्षण घेतले आणि जखमा, ओरखडे, कापलेली बोटे करण्यात प्रावीण्य मिळविले. आमचे वडील बंधू अण्णा ह्यांस ही गोष्ट कधीच रुचली नव्हती. "इंजिनिअर होऊन रक्त कालवतोस?" एवढेच ते म्हणाले. त्यावर मुलाने शांतपणे सांगितले, की 1984 च्या 'पुराना मंदिर' ह्या चित्रपटात सामरी नावाचा राक्षस झालेले अनिरुद्ध अगरवाल हेही रुरकीहून स्थापत्यशास्त्र शिकलेले इंजिनिअरच होते. ह्या युक्तिवादाचा अण्णांवर काय परिणाम झाला असेल, हे सांगावयास नको.

तेव्हा मुलाची बाजू आम्ही उचलून धरली, आणि त्यासाठी रामसे बंधूंचे उदाहरण दिले. अण्णांनी ते नाव ऐकले होते, पण ते कोणी इंग्रज असावेत अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः हे कराचीचे रामसिंघानी. वडिलांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांस आडनाव उच्चारता येईना म्हणून त्याचे रामसे झाले. फाळणीनंतर कुटुंब मुंबईस आले. 1970 साली त्यांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट पडला. तथापि त्यातील पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात, तो प्रवेश पाहण्यास मात्र लोक येत, ही गोष्ट मुलांनी हेरली. हे सात भाऊ. कुमार ह्यांनी कथा लिहावी, तुलसी आणि श्याम ह्यांनी दिग्दर्शन करावे, गंगू ह्यांनी कॅमेरा धरावा, किरण ह्यांनी ध्वनी सांभाळावा, अर्जुन ह्यांनी संकलन करावे, केशू ह्यांनी छायालेखनास व निर्मितीस हातभार लावावा, अशी वाटणी होती. 1972 चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरास मुक्काम ठोकून सुमारे चाळीस दिवसांत पुरा केला. घरच्या बायका बरोबर होत्या आणि जेवणखाण घरचेच होते.

अण्णा लक्ष देऊन ऐकत होते. भुताखेतांकडे त्यांचे लक्ष नव्हते. "सात भाऊ, बायकांसुद्धा, चाळीस दिवस एका ठिकाणी! आणि भांडण नाही?" पुढे वाटण्या झाल्या आणि केशू ह्यांनी वेगळा संसार थाटून 'खिलाडी' नावाचे चित्रपट काढले, हे सांगणे आम्हास प्राप्तच होते. परंतु तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "वाडा रिकामा पडण्यापेक्षा चार माणसे जेवतील तरी." प्रश्न निकालात निघाला. अट एकच, की वाडा परक्यांच्या हाती न देता घरच्यांनी तेथे जाऊन राहावे. त्याप्रमाणे देव्हाऱ्यातील देव शेजारी नेऊन ठेवले आणि अण्णा, वहिनी, आम्ही व आमच्या सौभाग्यवती असे चौघे मुक्कामास गेलो.

जाण्यापूर्वी वहिनींनी गडीमाणसे लावून वाडा झाडून, सारवून लख्ख केला होता. नेपथ्याची मंडळी आली आणि त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. त्यांस जळमटे हवी होती! चाळीस वर्षे ज्या बाईने केरसुणी उंच काठीला बांधून कोळिष्टकांशी वैर केले, तिच्या डोळ्यांदेखत दोन तरुणांनी रबराचा चीक पंख्यापुढे उडवून तुळयांना जाळी लावली, आणि तिच्या पितळेच्या समयांवर मुलतानी मातीची धूळ फुंकली. वहिनी काही बोलल्या नाहीत. परंतु स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्या अशा उभ्या राहिल्या, की धूळ तेथून पुढे गेली नाही. त्या तरुणांपैकी एकाने आमच्या सौभाग्यवतींस सांगितले, की 1978 साली अमेरिकेत 'हॅलोवीन' हा चित्रपट निघाला तेव्हा गोष्ट ऑक्टोबरातील आणि चित्रीकरण वसंतातले, म्हणून वाळकी पाने रंगवून रस्त्यावर पसरीत आणि प्रवेश झाला की वेचून परत पोत्यात भरीत. "म्हणजे हे सणाच्या तोरणासारखे झाले की!" सौभाग्यवती म्हणाल्या.

आता रक्ताविषयी. 1960 च्या 'सायको' चित्रपटात हिचकॉक ह्यांनी रक्त म्हणून चॉकलेटचा पातळ पाक वापरला. चित्रपट काळापांढरा असल्याने ते खपून गेले. रंग आला आणि ही सोय गेली. डिक स्मिथ नावाच्या अमेरिकन रंगभूषाकाराने मक्याच्या साखरेच्या पाकात खाण्याचे रंग व इतर द्रव्ये घालून जी कृती बसविली, तीच थोड्याफार फरकाने सर्वत्र चालते. तिच्यात फोटो धुण्याचे एक द्रव्य पडत असल्याने ते रक्त तोंडात जाता कामा नये. म्हणून आमच्या चिरंजीवांच्या दोन बरण्या असत: अंगावरचे रक्त आणि तोंडातले रक्त. तोंडातले म्हणजे नुसता पाक, लाल रंग, थोडा कोको आणि निळ्या रंगाचा थेंब. निळा नसेल तर रक्त शेंदरी दिसते.

त्या गुरुवारी हे तोंडातले रक्त ओठावर ठरेना, घरंगळून जाई. दिग्दर्शक चिडले होते. वहिनी महालक्ष्मीच्या नैवेद्याच्या गडबडीत होत्या, त्यांनी पातेल्यात बोट बुडविले, अंगठ्याशी टेकवून विलग केले आणि म्हणाल्या, "अरे, पाक कच्चा आहे. एकतारी व्हायला हवा." मग त्यांनी स्वतः तो आटवून दिला. पुढे रोज सकाळी रक्त त्यांच्याच देखरेखीखाली शिजले. मुंग्यांचा उपद्रव होऊ लागला, तेव्हा रक्ताचे पातेले पाण्याच्या परातीत ठेवण्याची युक्तीही त्यांचीच.

ही सारी मंडळी पाहून आम्हास एक गोष्ट फार जाणवली. भय उत्पन्न करणाऱ्या ह्या कारखान्यात भयाचा लवलेश कोठे नव्हता. होता तो केवळ हिशेब. वेषभूषेच्या बाईंनी एकाच वाणाची सहा लुगडी आणली होती, कारण रक्त एकदा सांडले की प्रवेश पुन्हा घेण्यास कोरे लुगडे हवे. सुरे तीन: एक रबराचा, एक बोथट, आणि एक खरा. खरा सुरा कुलपात असे आणि केवळ जवळून दाखवावयाचा असेल तेव्हा, आसपास माणूस नसताना बाहेर निघे. एका मुलीचे काम इतकेच, की आधीच्या प्रवेशात रक्ताचा डाग कोणत्या बोटापर्यंत आला होता, दिवा किती जळाला होता, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे वहीत टिपून ठेवणे. आमच्या कैलासवासी आत्याबाईंस कोणाच्या लग्नात कोणी कोणते पातळ नेसले होते हे तीस वर्षांनी आठवे. त्या आज असत्या तर ह्या धंद्यात त्यांस चांगला पगार मिळाला असता.

ध्वनिमुद्रकाने एके दिवशी अण्णांजवळ कोहळा मागितला. 'सायको'मध्ये सुरा अंगात शिरण्याचा आवाज खरबुजाच्या जातीच्या फळात सुरी खुपसून काढला होता, हे त्याने सांगितले. अण्णांनी मळ्यातला उत्तम कोहळा आणविला आणि तो कसा कापावा हेही दाखविले. पशूच्या बळीऐवजी कोहळा कापण्याची चाल आमच्यात पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. तेव्हा ह्या कामी अमेरिकेने आम्हास शिकवावे असे फारसे नाही, असे त्यांचे मत पडले. त्या दिवसापासून अण्णा ध्वनिमुद्रकाच्या शेजारी कानाला यंत्र लावून बसू लागले.

सहाव्या दिवशीची हकीकत लिहावी की लिहू नये, ह्याचा आम्ही बरेच दिवस विचार केला.

प्रवेश रात्री आठचा. धाकट्या सुनेचे काम करणारी मुलगी रक्ताने माखलेली मागल्या दारातून उसाच्या बांधापर्यंत धावते आणि किंकाळी फोडते. किंकाळी ऐकून गावाने घाबरू नये म्हणून घरोघर वर्दी देण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले होते. पस्तीस वर्षे ह्या भागात शिक्षक म्हणून काढली असल्याने गावात आम्हास सर्व ओळखतात. आम्ही पोलीस पाटलांकडे गेलो, वस्तीवर गेलो, ऊसतोड्यांच्या कोप्यांवरही जाऊन आलो. एका घरी मात्र गेलो नाही. वाड्यापासून दोन शेतांवर ते घर आहे. दोन वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्याच दिवसांत, त्या घरचा चार वर्षांचा मुलगा बिबट्याने अंगणातून नेला होता. त्या बाईसमोर उभे राहून 'आज रात्री उसाजवळ कोणी ओरडले तर ते खोटे समजा' हे वाक्य कसे उच्चारावे, हे आम्हास सुचेना. दुसरे कोणी सांगेल, असे मनाशी म्हणून आम्ही त्या वाटेने वळलोच नाही.

किंकाळी झाली. पाच मिनिटांच्या आत ती बाई बांधावरून धावत आली. हातात पेटते टेंभे नव्हते की काठी नव्हती, पायात वहाणही नव्हती. मागून तिचा नवरा बॅटरी घेऊन येत होता. दिव्यांच्या लखलखाटात तिने ती रक्ताळलेली मुलगी पाहिली आणि जागच्या जागी थबकली. कोणासच काही बोलवेना. दिग्दर्शक, छायालेखक, दिवेवाले, सारे वीसपंचवीस लोक नुसते उभे.

आमचा पुतण्या पुढे झाला. त्याने स्पष्टीकरण दिले नाही. तांब्याभर पाणी आणि फडके घेऊन तो मुलीच्या गळ्यावरची जखम, जी करण्यास त्याला दोन तास लागले होते, पुसू लागला. दोन हात झाल्यावर बाईने तांब्या त्याच्या हातून घेतला आणि मुलीचे तोंड, मान, हात, स्वतः धुतले. खालची धड कातडी दिसेपर्यंत धुतले. मग आपले बोट हुंगून म्हणाली, "साखरंचं हाय." आणि आमच्याकडे वळली. "गुरुजी, समद्यांना सांगितलं म्हनं. मला का नाही सांगितलं?"

आम्हापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

त्या रात्री चित्रीकरण झाले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी दिग्दर्शकांस बोलावून सांगितले, की वाडा तुमचा आहे, पण ह्या शिवारात पुन्हा किंकाळी होणार नाही. ते गृहस्थ समंजस निघाले. प्रवेश मुक्यानेच घेतला. मुलीने तोंड उघडले, आवाज काढला नाही, आणि किंकाळी मागाहून पुण्यास बंद खोलीत भरली. ती भरणाऱ्या बाई निराळ्याच होत्या. पुतण्या सांगतो, की त्यांनी ती तीनदा दिली, मधल्या वेळात डबा खाल्ला आणि मुलांना शाळेतून आणावयाचे म्हणून घाईने निघून गेल्या. आमच्या पुतण्याचा आदर्श असलेल्या 'तुंबाड'करांनी खऱ्या पावसासाठी चार पावसाळे वाट पाहिली, असे तो आम्हास नेहमी ऐकवीत असे. ह्या किंकाळीविषयी मात्र खरेखोट्याचा वाद त्याने पुन्हा काढला नाही.

2023 साली पुण्यास खेळ झाला तेव्हा आम्ही सर्व गेलो. ती किंकाळी आली, शेजारची तरुण मंडळी दचकून हसली, आणि वहिनींनी आमच्या सौभाग्यवतींचा हात धरला. शेवटी नावांची यादी सुरू होताच लोक उठून चालू लागले. अण्णा हललेसुद्धा नाहीत. नावे इतकी झरझर वर जात होती की त्यांस वाचता येईनात; "जरा थांबवा की हो!" असे ते मोठ्याने म्हणाले, आणि दाराजवळचा नोकर चकित होऊन पाहू लागला. मग घरी आल्यावर पुतण्याने फोनवर ती यादी थांबवून थांबवून दाखविली. कोहळ्याचा आवाज ज्याने धरला त्याचे नाव अण्णांनी प्रथम शोधले, पुतण्याचे त्यानंतर. आभारांत वहिनींचे नाव होते. त्या बाईंचे नाव घालण्याची पुतण्याची इच्छा होती. तो विचारावयास गेला, त्यांनी नको म्हणून सांगितले. आंबेगावास आला की तो त्यांच्या घरी जाऊन येतो. तेथे काय बोलणे होते, हे आम्ही विचारीत नाही. आम्हीही एकदा गेलो. चहा झाला, उसाच्या भावाविषयी बोललो आणि परत आलो.

देव परत देव्हाऱ्यात बसले आहेत आणि जळमटे वहिनींनी दुसऱ्याच दिवशी काढली. मागल्या ओसरीवर, जेथे त्या मुलीचे तोंड धुतले, तेथल्या दोन फरश्यांच्या सांध्यात मात्र कितीही पाणी ओतले तरी अजून मुंग्या लागतात.