वंगण

मोटारसायकलचा मालक इंजिनाबद्दल तासभर बोलू शकतो. कुठलं ऑइल, किती किलोमीटरला बदललं, ॲव्हरेज किती पडतं... पण मागच्या चाकाच्या हबात कुठलं ग्रीस आहे असं विचारून बघा. पणजोबांच्या आजीचं नाव विचारल्यासारखा चेहरा होतो. दोष त्याचा नाही म्हणा. हब बंद असतो, आतलं दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते ठीकच असणार असं धरून चालायची आपल्याला सवय असते.

आमच्याकडे हा विषय निघाला तो भाच्यामुळे. ताई चिपळूणला असते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिच्या अंगणातली अप्पांची सीडी हंड्रेड पूर्ण पाण्याखाली गेली. अप्पांनी ती 1987 साली घेतलेली. पाणी उतरल्यावर जो तो म्हणाला, भंगारात घाला. ताई फक्त "नाही" म्हणाली. अप्पांना जाऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे पुढे कोणी वाद घातला नाही. मेकॅनिकने इंजिन खोललं, वायरिंग बदललं, गाडी चालू झाली, पेढे वाटले गेले. चाकं मात्र नुसती वरून धुतली गेली. काही महिन्यांनी मागच्या चाकातून गुरगुर यायला लागली आणि भाच्याचा फोन आला, "मामा, दुकानात पिवळं, लाल, निळं, काळं, पांढरं सगळ्या रंगांचं ग्रीस आहे. घालू कुठलं?"

हा मुलगा रोज परशुराम घाट चढून लोट्याला कामाला जातो. रविवारी मागे ताई बसलेली असते. म्हणजे प्रश्न विचारला रंगाचा, पण तेवढाच नव्हता.

रंगाचं आधी मिटवून टाकू. बहुतेक ग्रीसचा रंग म्हणजे कंपनीने घातलेला रंगच. लाल म्हणजे उष्णतेला चांगलं, निळं म्हणजे भारी, असा काही नियम नाही. काळ्या ग्रीसमध्ये बऱ्याचदा मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइट असतं. एकमेकांवर घासत सरकणाऱ्या, जड दाबाच्या भागांना ते उपयोगी. बेअरिंगमध्ये गोळ्या घासत नाहीत, गडगडतात. तिथे त्याची गरज नाही.

ग्रीस म्हणजे घट्ट झालेलं तेल असा एक समज आहे. खरं तर ग्रीस हा तेल धरून ठेवणारा स्पंज समजा. वंगणाचं काम तेलच करतं, आणि डब्यात वजनाने सगळ्यात जास्त तेच असतं. त्याला जागेवर धरून ठेवणारा पदार्थ बहुतेक वेळा एक प्रकारचा साबण असतो. हा साबण कशाचा, यावर ग्रीसचा स्वभाव ठरतो. चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा साबण पाण्याला दाद देत नाही, पण त्याचं साधं ग्रीस शंभर अंशांच्या आसपास वितळून जातं. सोडियमचं उष्णता सोसतं, पण पाण्यात विरघळतं. लिथियमचं साधारण 190 अंशांपर्यंत टिकतं आणि पाण्यातही बऱ्यापैकी तग धरतं. म्हणून 1940 च्या दशकात ते आलं आणि हळूहळू सगळीकडे पसरलं.

आता गंमत बघा. हा लिथियमचा साबण ज्या आम्लापासून करतात ते येतं एरंडेलापासून! आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालायचेच. बैलगाडी गेली, मोटारसायकल आली, आणि एरंडेल कारखान्यातून फिरून पुन्हा चाकातच येऊन बसलं. ('वंगण' म्हटलं की हल्ली लोकांना आधी सरकारी टेबलं आठवतात, तो भाग वेगळा.)

डब्यावरचा आकडा म्हणजे घट्टपणा. ही एनएलजीआयची प्रतवारी, 000 पासून 6 पर्यंत. पंचवीस अंशांना एक ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंदांत ग्रीसमध्ये किती रुततो ते मोजतात. 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतला तर नंबर 2, 22 ते 25 रुतला तर नंबर 3. आपल्याकडे दुकानात 'एपी थ्री' म्हणून जे मागतात ते लिथियमचं नंबर 3. चाकाच्या बेअरिंगला नंबर 2 किंवा 3, दोन्ही चालतात.

मग डोकं कशावर चालवायचं? त्या चाकाच्या वाट्याला काय येतं, त्यावर.

वेग हा या बेअरिंगचा शत्रूच नाही. अठरा इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण 1.9 मीटर. ताशी साठने गेलात तरी चाक मिनिटाला सव्वापाचशे-साडेपाचशे फेरे घेतं. एवढ्याशा बेअरिंगला ते काहीच नाही. वजनही त्याला झेपतं. त्याला मारतात दोन गोष्टी, पाणी आणि चिखलाची माती.

पण ड्रम ब्रेकच्या गाडीत तिसरी गोष्ट असते, उष्णता. ब्रेक आणि बेअरिंग एकाच हबात राहतात. घाट उतरताना मागचा ब्रेक दाबत आलात की ड्रम तापतो, त्याबरोबर हब तापतो, आतली हवा पसरून थोडी बाहेर पडते. घाटाखाली रस्त्यावर पाणी साचलेलं. तापलेला हब त्यात शिरला की एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. हे काही एकदाच होत नाही. जुलैमध्ये रोज होतं.

म्हणजे आमच्या भाच्याच्या चाकाला पाणीही सोसायचंय आणि उष्णताही. चुन्याचं साधं चेसिस ग्रीस बाद, सोडियमचं बाद. उरलं लिथियम, किंवा त्याचा थोरला भाऊ लिथियम कॉम्प्लेक्स, जो आणखी उष्णता सोसतो. डब्यावर 'व्हील बेअरिंग' आणि पाण्याला टिकणारं असं लिहिलेलं असलं की पुरे. बोटीवाले वापरतात ते कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस पाण्याला याहून चिवट. परवडत असेल तर उत्तमच. पण त्यावाचून अडत नाही.

हब उघडला तेव्हा भाच्याने फोटो पाठवला. आत ग्रीस नव्हतंच, ताक होतं. पाणी आणि ग्रीस घुसळून झालेलं पांढरट पातळ काहीतरी, आणि त्याला वाशिष्ठीच्या गाळाचा रंग. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके. म्हणजे पूर येऊन गेल्यावर ती गाडी अंगणात उभी होती तेव्हा, आणि नंतर घाट चढत-उतरत होती तेव्हाही, आतलं पाणी शांतपणे आपलं काम करत होतं. असं बेअरिंग पुढे खिळखिळं होतं, चाक डुलायला लागतं, कधी जाम होतं. हे घाटात झालं असतं तर, हा विचार मी ताईसमोर बोललो नाही. (ताई, आता वाचशीलच. गाडी नीट झालीय, घाबरू नकोस.)

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. गंजलेल्या बेअरिंगला कितीही महाग ग्रीस घातलं तरी खड्डे बुजत नाहीत. बेअरिंग बदलायचं आणि सीलही नवीन घालायचं, कारण चांगल्या ग्रीसचं अर्धं नशीब त्या चाळीस-पन्नास रुपयांच्या रबरी कड्यावर असतं. बेअरिंगच्या नंबरापुढे 2RS सारखी अक्षरं असतील तर त्याला दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असतं आणि ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं. ज्याला हब उघडायला वेळ नाही त्याने तेच घ्यावं, त्यात कमीपणा नाही. भाच्याने उघडी बेअरिंगं घेतली. दर पावसाळ्यानंतर आत काय चाललंय ते बघायचंय म्हणाला. पुरातून गाडी वाचवलेला माणूस आहे, त्याच्याशी काय वाद घालणार!

भरतानाही हात आवरायचा. ग्रीस बोटाने दाबून गोळ्यांच्या मधे नीट शिरवायचं, सीलच्या ओठाला आणि एक्सलला पातळ थर द्यायचा, बस्स. हब ठासून भरला तर तापल्यावर जास्तीचं ग्रीस वाट शोधतं, आणि ती वाट ब्रेक लायनरकडे जाते. लायनरला ग्रीस लागलं की ब्रेक गेलाच म्हणायचा. कपलिंग रबरं कोरडीच ठेवायची, साध्या ग्रीसने काही रबरं फुगतात.

आणि शेवटचं, जे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. दोन ग्रीस एकमेकांत मिसळायचे नाहीत. दोन्ही आपापल्या जागी उत्तम असतात, पण काही जोड्यांचं पटत नाही. लिथियमचं आणि बेंटोनाइट मातीचं एकत्र केलं, तर स्पंज मोडतो, तेल सुटून वाहून जातं आणि बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून नवीन भरण्याआधी जुनं डिझेलने पूर्ण धुऊन, वाळवून काढायचं. किंवा आत काय आहे ते पक्कं ठाऊक असायला हवं.

'आत काय आहे' हे आमच्याकडे ठाऊक होतं, कारण अप्पा गाडीची वही ठेवायचे. हे गाडी त्या काळातली, जेव्हा हीरो होंडाच्या जाहिरातीत 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' म्हणायचे. अप्पांनी तिसरा शब्द कधीच मनावर घेतला नाही. पेट्रोल, ऑइल, चेन, ब्रेक, सगळ्याच्या तारखा. पुरात ताईने घरातलं सामान सोडून आधी माळ्यावर जी पिशवी टाकली तिच्यात रेशनकार्डाबरोबर ती वही होती. मागच्या चाकासमोर अप्पांनी दर वेळी एकच लिहिलंय, 'धुऊन, एपी 3'.

भाच्याने तेच आणलं. वहीत त्याखाली तारीख घालून अप्पांचीच ओळ पुन्हा लिहिली, शेजारी बेअरिंगचा नंबर आणि 'सील नवीन'. पुढे कधीतरी कोणीतरी हे चाक उघडेल, त्याला विचारायला आपण असूच असं नाही.