रात्रीची थाप

दुपारी दारावर पडलेली थाप आणि मध्यरात्रीनंतर पडलेली थाप, आवाज दोन्हींचा एकच. पण घर त्या दोन थापा वेगवेगळ्या कानांनी ऐकतं. दुपारी बेल वाजली की ‘बघ रे कोण आहे ते’ म्हणून आपण हातातलं काम तसंच चालू ठेवतो. रात्री एक वाजता तीच बेल वाजली की झोपेतून उठलेली माणसं आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कुणाला काय झालं? गावाकडून कुणी आलं? की भलताच कुणी? दिवा लावावा की नको हे सुचत नाही. आणि बाहेरचा माणूस, तो कुणीही असो, पुन्हा एकदा बेल दाबतो.

कायद्यालाही रात्रीचं हे वेगळेपण ठाऊक आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी दिवसाच्या घरफोडीपेक्षा गंभीर मानली होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो भेद तसाच आहे. झोपलेलं घर अधिक असहाय असतं आणि त्या असहायतेचा फायदा घेणारा अधिक दोषी, हा विचार मला फार माणुसकीचा वाटतो.

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण. अंगणातून दोन पायऱ्या चढलं की पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि त्याच्या आत देवघर आणि स्वयंपाकघर. एस.टी. चुकली, ओढ्याला पाणी आलं, पायात काटा मोडला अशा शंभर कारणांनी रात्री-अपरात्री माणसं दारात उभी राहत. पत्राच्या आधी पाहुणा पोचण्याचे ते दिवस. गणपतीच्या तोंडावर तर मुंबईचा चाकरमानी पहाटेच्या काळोखात डोक्यावर ट्रंक घेऊन पाणंदीतून येई आणि आधी कुत्र्याला त्याच्या नावाने हाक मारी. कुत्रं भुंकायचं थांबलं की घरच्यांना कळे, आपलाच कुणीतरी आहे.

अनोळखी थाप पडली की आजोबा उठत, पण लगेच दाराशी जात नसत. उशाच्या कंदिलाची वात वर करत आणि जागेवरूनच विचारत, “कोण?” बाहेरून बहुतेक वेळा उत्तर येई, “मी.” आजोबांना ‘मी’ चालत नसे. “मी म्हणजे कोण? नाव सांग. कुठला? कुणाचा?” बाहेरचा माणूस नाव सांगे, वाडी सांगे, बापाचं नाव सांगे. मग एक साधासा वाटणारा प्रश्न जाई, “तुमच्याकडे भात झोडून झाला काय?” त्या प्रश्नाच्या उत्तरात खरा माणूस आणि बनावट माणूस वेगळे पडत. भिजून चिंब झालेल्या, खऱ्या अडचणीतल्या माणसाला त्या चौकशीचा राग आल्याचं मला आठवत नाही. त्याच्याही घरी असंच विचारत.

मग अडसर सरकल्याचा आवाज येई. दाराच्या आतल्या अंगाला, एका भिंतीतून निघून समोरच्या भिंतीतल्या भोकात जाणारा तो मनगटाएवढा जाड लाकडी वासा. वर्षानुवर्षं सरकवून त्याची खालची बाजू गुळगुळीत झाली होती, आणि पावसाळ्यात तो फुगून अडकू नये म्हणून आजोबा मे महिन्यात त्याला खोबरेल चोळून ठेवत. दार उघडलं की आलेल्याला गूळ आणि तांब्याभर पाणी मिळे, पडवीवर घोंगडी मिळे, भात उरला असेल तर भातही मिळे. पण माजघराचं दार आतून बंदच राही. आजी आणि आम्ही मुलं त्या बंद दारामागे निर्धास्त झोपत असू आणि बाहेर एक परका माणूस आमच्याच घोंगडीवर निर्धास्त झोपे. दोघांचीही सोय त्या घराच्या बांधणीतच करून ठेवलेली होती.

आजी आम्हाला हाकामारीची गोष्ट सांगे. रात्री कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तीन हाका झाल्या तरच बोलायचं, कारण हाकामारी तीनदा हाक मारत नाही. भुताची ती कल्पना मी केव्हाच मागे टाकली, पण तिच्या पोटातला नियम मला आजही शहाणपणाचा वाटतो. झोपेतून उठलेल्या माणसाला पूर्ण जागं व्हायला वेळ लागतो आणि अर्धवट जागा माणूस नको ते दार उघडतो. तीन हाकांच्या अवधीत डोकं ताळ्यावर येतं आणि आवाज ओळखीचा आहे की नाही हे कानाला ठरवता येतं.

मोठ्या वास्तूंनीही आलेल्याला असंच आधी दाराशी थांबवलं. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्यावर अणकुचीदार खिळे आहेत आणि त्याच प्रचंड दरवाज्यात एक छोटी दिंडी आहे. दिंडीतून एका वेळी एकच माणूस आत येणार, तोही वाकून. जुन्या पुण्यातल्या साध्या वाड्यांनाही अशी दिंडी असे. रात्री मोठा दरवाजा बंद झाला तरी दिंडीपाशी बोलता येई.

आपल्या फ्लॅटमधून नेमकी ही मधली थांबायची जागा गेली. दार उघडलं की दोन पावलांवर सोफा, त्याच्या पलीकडे टीव्ही, आणि चार पावलांवर झोपायच्या खोलीचा पडदा. आलेला माणूस एक तर पूर्ण बाहेर किंवा पूर्ण आत. पडवी नाही, ओटी नाही, अंगण नाही. मला वाटतं, आपण पूर्वीच्या माणसांपेक्षा भित्रे किंवा माणूसघाणे झालेलो नाही. आपल्याला मध्ये थांबायला जागा उरली नाही, म्हणून रात्रीची बेल इतकी अंगावर येते.

ती जागा आता भिंतींनी मिळायची नाही. ती दिव्याने, आवाजाने आणि फोनने तयार करावी लागते. बाहेरच्या पॅसेजच्या दिव्याचं बटण आत असावं, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर पडतो आणि आपण अंधारात राहून आयहोलमधून बघू शकतो. आयहोलच्या बाहेर बोट धरलेलं असेल, काही दिसत नसेल, तर बोलणं बंद दारातूनच. जाळीचा सेफ्टी डोअर असेल तर आतलं दार उघडून बोलता येतं, पण सेफ्टी डोअरची कडी खरोखर लागलेली आहे ना, हे रात्री झोपतानाच पाहायला हवं. नुसत्या दाराच्या साखळीवर माझा भरवसा नाही. तिचे स्क्रू बहुधा इतके आखूड असतात की एका जोरदार खांद्याने ती चौकटीतून उखडून येते.

माझ्या ओळखीच्या एक बाई नवरा गेल्यानंतर एकट्या राहतात. रात्री बेल वाजली की त्या आधी आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणतात, “अहो, उठा हो, कुणीतरी आलंय!” मग आयहोलमधून बघतात. मग दार न उघडता समोरच्या घरात फोन लावतात. समोरच्यांनी त्यांचं दार उघडलं की मगच यांचं उघडतं. एकदा बाहेर खरोखरच त्यांचा भाचा उभा होता. फोन बंद पडलेला, गाडी उशिरा आलेली. तो दारात दहा मिनिटं थांबला. आत आल्यावर मावशीच्या पाया पडला आणि म्हणाला, “मावशी, बरं केलंस.” आपल्या माणसाने त्या दहा मिनिटांचा मान ठेवला पाहिजे. रात्री कुणाकडे जाणाऱ्याचीही काही रीत असते. निघताना फोन करावा, बेल एकदाच वाजवावी, दिव्याखाली उभं राहावं, आणि विचारण्याआधीच पूर्ण नाव सांगावं.

पोलीस म्हणून कुणी आलं तर माणूस गडबडतो आणि ठगाला तेच हवं असतं. नाव विचारावं, ठाणं विचारावं, ११२ ला फोन लावून खात्री करून घ्यावी. खरा पोलीस त्याला हरकत घेणार नाही. आणि हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत हवं, की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी, दोन्ही लागतात.

अर्थात सगळे चोर बेल वाजवून येत नाहीत. बहुतेकांना रिकामं घर हवं असतं. दाराबाहेर लोंबणारं कुलूप, साठलेली वर्तमानपत्रं, न उचललेली दुधाची पिशवी त्यांना सगळं सांगतात. आपल्याकडच्या घरफोड्यांच्या बातम्यांत एक गोष्ट वारंवार वाचायला मिळते. चोर आधी शेजारच्या घरांच्या कड्या बाहेरून लावतात आणि मग मधलं घर फोडतात. आवाज ऐकून शेजारी उठतो, धावतो, आणि आपल्याच दाराशी अडकतो. त्याच्या हातात उरतो तो फक्त फोन, आणि त्यात जर शेजाऱ्याचा नंबरच नसेल तर तेवढाही उपयोग नाही. म्हणून बाहेरची कडी काढून टाकावी आणि मजल्यावरच्या प्रत्येक घराचा नंबर जवळ ठेवावा.

बंदोबस्ताच्या भरात आपण स्वतःलाही कोंडून घेतो. खिडक्यांना पक्क्या वेल्ड केलेल्या ग्रील्स, दाराला आतून तीन कुलपं, आणि किल्ल्या कपाटात. रात्री आग लागली तर धुरात ते कपाट कुणाला सापडणार? ग्रीलला आतून उघडणारी एक झडप हवी आणि तिची किल्ली घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेल्या जागी हवी. आजोबांच्या अडसराचा हा गुण मी विसरत नाही. बाहेरच्याला तो हलत नसे, आतलं पोर मात्र एका हाताने सरकवू शके.

याहून काळजीची एक गोष्ट आहे. जागं राहणं आणि संशयाने पेटणं यांत आपण गल्लत करू लागलो आहोत. आपल्या गावांना परके पाहुणे नवे नव्हते. कंदील घेऊन भल्या पहाटेच्या अंधारात पिंगळा येई, कुडमुडं वाजवत भविष्य सांगे. वासुदेव येई. बायका सुपातून धान्य आणत. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच मारले गेले. तिथेही चोर फिरत असल्याची अफवा होती आणि गावकरी पहाऱ्यावर होते. म्हणजे जागे होते. पण ‘तू कोण, कुठला, कुणाचा’ या प्रश्नांचं उत्तर ऐकून घ्यायला आणि ते पडताळायला तिथे कुणी थांबलं नाही. त्या आठ जणांची नावं-गावं एका फोनवर कळली असती. हे वाचलं की आजही माझा जीव कासावीस होतो.

आणि याच महाराष्ट्राने २६ जुलै २००५ ची रात्रही पाहिली आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद, वीज गेलेली, कमरेएवढ्या पाण्यातून माणसं चालत होती. त्या रात्री मुंबईच्या कितीतरी चाळींनी आणि सोसायट्यांनी अनोळखी माणसांना चहा दिला, कोरडे कपडे दिले, जिन्यात आणि घरात झोपायला जागा दिली. शेजारी जागे होते, एकेकाला सगळे मिळून सामावून घेत होते, म्हणून एकट्या घरावर भार पडला नाही. चाळीची गॅलरी त्या रात्री आजोळच्या पडवीचंच काम करत होती.

फ्लॅटची पडवी एकट्याने बांधता येत नाही, ती मजल्याने आणि सोसायटीने मिळून बांधायची असते. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय संपला की हा एक विषय घ्या. रात्री आलेल्या माणसाची चौकशी होईपर्यंत त्याला बसायला गेटपाशी छपराखाली एक बाकडं, वर एक दिवा आणि प्यायला पाणी आहे का? वॉचमनकडे प्रत्येक घराचा चालू नंबर आहे का? नसेल तर या महिन्यातच सोय करा, आणि त्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला नाव विचारताना आवाज चढू देऊ नका.