झाडीपट्टीचे आभाळ

चांदा आणि गडचिरोली हे जिल्हे खाली मान घालून पाहावयाचे, असा आपल्याकडे एक सर्वमान्य संकेत आहे. ताडोबाच्या जिप्सीत बसलेला प्रवासी धुळीतले वाघाचे ठसे शोधतो. मार्कंड्याला गेलेला भाविक वैनगंगेच्या काठी दगडी मूर्तींपुढे वाकतो. कोळशाच्या निमित्ताने आलेला माणूस तर जमिनीच्याही पोटात शिरतो. आभाळाकडे मान वर करतो तो एकटा धान पिकवणारा शेतकरी, आणि तोही मृगापासून हस्तापर्यंतच. मी मात्र दोन वर्षांपूर्वी दिवाळी आटोपून या मुलखात गेलो तो आभाळ पाहण्यासाठीच. पाठीवरच्या पिशवीत साडेतीन किलो वजनाचा एक पंख होता.

पंख म्हणजे पॅराग्लायडर. त्याला इंजिन नाही, की सांगाडा नाही. दुपदरी कापडाचे कप्पे एकाला एक जोडून शिवलेले असतात. धावत सुटले की पुढच्या तोंडांतून त्यांत वारा भरतो आणि त्या लुळ्या कापडाला पंखाचा आकार येतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत डॉमिना जॅल्बर्ट यांनी अशी वाऱ्याने फुगणारी छत्री तयार केली. पुढे १९७८ साली फ्रान्समधल्या मिएसी गावी तिघा छत्रीबाजांनी विमानाचे भाडे वाचवण्याकरिता डोंगराच्या उतारावरूनच धाव घेतली, आणि काटकसरीच्या पोटी एक नवा खेळ जन्माला आला. १९८८ मध्ये ज्यां-मार्क ब्वाव्हँ हा फ्रेंच गडी तर एव्हरेस्टच्या माथ्यावरून असा पंख घेऊन उडाला. आपल्याकडे कामशेत आणि पाचगणी ही या विद्येची माहेरघरे. माझेही शिक्षण कामशेतलाच झाले.

नेहमीचा पंख पाच-सहा किलोंचा असतो. माझा हलक्या जातीचा आहे. नेहमीच्या कापडाचे वजन चौरस मीटरला ३५ ते ४० ग्रॅम भरते, हलक्याचे २७ च्या आसपास. डोंगर पायी चढून जाणाराला हे मोठे सुख. परंतु हलकेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. हे कापड काट्याला लवकर लागते आणि दगडावर लवकर झिजते. भारी पंख एकवेळ हयगय सोसतो. हलका सोसत नाही.

नागपूरहून नागभीडला पूर्वी अरुंद रुळांवरची छोटी गाडी जात असे. २०१९ साली ती बंद झाली. तेव्हा एस.टी.ने गेलो. उतरल्यावर पाहतो तो जिकडे तिकडे धानाचा पिवळा रंग, मध्येच निळेशार मामा तलाव, आणि या साऱ्याला वेढून राहिलेले जंगल. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. पण ऐकणाराला वाटावे, गावोगावी कुणाचा तरी मामा तलाव बांधून गेला आहे. दिवस मंडईचे होते. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतात, आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक चालते. वडशाच्या नाटक कंपन्यांना या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते.

माझे स्नेही येथल्या एका खेड्यात शिक्षक आहेत. गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही गुरुजीच म्हणतो. त्यांच्या घरी पाऊल ठेवले आणि कळले की माझ्या आधी माझी कीर्ती पोचली आहे. मंडईच्या दिवशी पेरजागडावरून छत्रीतला माणूस उतरणार, अशी गावभर वार्ता होती. सरपंचांनी जागाही योजून ठेवली होती. डोंगराच्या बाजूची एक कापलेली बांधी, आणि तिच्या चारी बाजूंना प्रेक्षक!

“भाऊ, परवानगीचा कागद मी मिळवतो. तुम्ही फक्त हो म्हणा,” गुरुजी म्हणाले.

“आधी डोंगर पाहतो,” मी म्हटले. यावर कुणाचे समाधान झाले नाही.

संध्याकाळी अंगणात मुले जमली. छत्री उघडून दाखवा, हा एकच धोशा. अंगणात तुरीचे काड पडले होते, बाजूला कोंबड्या. मी ओसरीवर सतरंजी अंथरली आणि तिच्यावर पंखाचे एक टोक तेवढे उलगडले. गुरुजींच्या आई शेजारी येऊन बसल्या. मी सांगत होतो, त्या ऐकत होत्या. उन्हात हे कापड उगाच पसरून ठेवायचे नाही. उन्हातले अतिनील किरण त्याचे आयुष्य खातात. मग कापड वरून धड दिसते आणि आतून वारा गाळू लागते. ओले गुंडाळायचे नाही. तापलेल्या मोटारीत, टिनाच्या छपराखाली ठेवायचे नाही. रॉकेल, पेट्रोल यांचा वाससुद्धा जवळ नको. घडी घालण्यापूर्वी कप्प्यांतली कुसळे आणि नाकतोडे झाडून काढायचे. नाकतोडा आत चेंगरला की कापडाला डाग आणि भोक पडते. पुढच्या काठात प्लॅस्टिकच्या बारीक कांड्या असतात, त्या मोडू नयेत म्हणून एकावर एक रचून चुण्या पाडाव्या तशी घडी. आणि दर वेळी थोडी निराळ्या जागी.

“पैठनीची घडी मोडतात तशी,” आजी म्हणाल्या. “एकाच रेघेवर ठेवली का तिथंच फाटते.”

एवढ्या नेमक्या शब्दांत मला कोणत्याही शिक्षकाने सांगितले नव्हते. दोऱ्यांचेही मी दाखवले. सुतळीहून बारीक, पण एकेक दोरी माणसाचे वजन पेलील अशी. गाठ, पीळ, खरचटलेले आवरण, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी डोळ्यांनी आणि बोटांनी पाहावयाचे. वर्ष-दोन वर्षांनी किंवा शंभर-एक तास उडाल्यावर पंख तपासनिसाकडे पाठवायचा. तो कापडातून वारा किती गळतो आणि दोऱ्या किती आखडल्या हे यंत्राने मोजतो. बसायच्या आसनात राखीव छत्री असते. ती वापरण्याची वेळ न आली तरी सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने उघडून पुन्हा घडी घालायची. दाबून राहिलेले कापड ऐन वेळी उमलत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगराला निघालो. पंख मुद्दाम घरी ठेवला. जवळ असला म्हणजे डोळे आपल्याला हवे तेच पाहतात. सोबत गुरुजी आणि गावातले एक म्हातारे गोंड गृहस्थ होते. हा सातबहिणींचा डोंगर, म्हणजे पेरजागड, तळोधी बाळापूरच्या बाजूला आहे. जवळच घोडाझरीचा तलाव आणि २०१८ साली जाहीर झालेले अभयारण्य. राज्यातले सर्वांत अधिक वाघ याच जिल्ह्यात, त्यामुळे आम्ही तिघे मोठमोठ्याने बोलत चाललो होतो. कड्याखाली मात्र म्हाताऱ्यांनी हाताने गप्प केले. वर आग्या मोहोळाची पोळी लटकत होती.

माथ्यावर पोचलो आणि मी खरोखर मोहात पडलो. समोरून दक्षिणेचा मंद, एकसारखा वारा. खाली जंगलाचा गालिचा, पलीकडे धानाच्या बांध्या, तलावांची आरशासारखी तबके. नऊच्या सुमारास जमीन तापली आणि एक गरुड पंख न हलवता गोल गोल वर चढू लागला. तापलेल्या शेतावरची हवा हलकी होऊन वर निघते, तिचा खांब बनतो, त्या खांबात तो फिरत होता. आमची सारी विद्या या पक्ष्यांकडून उसनी आणलेली. पाचच मिनिटांत तो ठिपका झाला.

“उडसान खरे,” म्हातारे शांतपणे म्हणाले, “पन उतरसान कोठं?”

मी बोटाने ती बांधी दाखवली आणि मनाशी हिशेब मांडला. माझा पंख शांत हवेत एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढे जातो. पायथ्यापासून डोंगर दीडशे मीटर धरला, तर बाराशे मीटर पल्ला. बांधी आठशे मीटरांवर. म्हणजे पोचतो! पण पंखाचा वेग तासाला ३६ किलोमीटर, आणि उडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करूनच घ्यावी लागते. समोरून १८ किलोमीटरचा वारा लागला की पल्ला निम्मा, म्हणजे सहाशे मीटर. बांधीच्या अलीकडे दोनशे मीटर जंगल. बरे, पोचलोच तरी जागा एकच. एकच जागा ही आमच्या खेळात जागाच नव्हे. ती हुकली तर दुसरी कोणती, याचे उत्तर पाय जमिनीवर असतानाच तयार हवे. येथे दुसरी जागा म्हणजे तलाव. आसनाच्या पट्ट्या आणि दोऱ्या यांत अडकलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो. तिसरी जागा सागाचा शेंडा. तेथून सोडवायला दोर घेऊन येणारी माणसे लागतात, आणि मोडलेल्या हाडाला जवळ इस्पितळ लागते.

“आन त्या बांधीभोवती डुकरासाठी तार सोडतेत रातच्यानं,” म्हाताऱ्यांनी भर घातली. “कधी सकारी काढाची राहून जाते.”

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणात वीज सोडणे बेकायदा आहे. तरी ते चालते, आणि या जिल्ह्यांत त्याने वाघही मेले आहेत, माणसेही. शिवाय आणखी एक गोष्ट मला वरून लख्ख दिसली. मंडईचा सारा जमाव त्याच बांधीच्या काठावर उभा राहणार होता. छत्री खाली येऊ लागली की पोरे आधी मध्ये धावणार. मग मी माझाच जीव नव्हे, त्यांचाही पणाला लावणार.

आम्ही चालत खाली आलो. मंडईच्या मंडळींना सांगितले, डोंगरावरून उडणार नाही. सरपंचांचा चेहरा उतरला. एकजण म्हणाला, “पुन्याचे लोक असेच!” मी ऐकून घेतले. मग शाळेमागची बांधी चौफेर फिरून तपासली, तार-खुंट काही नाही याची खात्री केली, मालकाची परवानगी घेतली, आणि शिरस्त्राण घालून जमिनीवरच पंख उभा केला. पाठमोरे उभे राहून दोऱ्या खेचल्या की तो फणा काढल्यासारखा डोक्यावर येतो. मग दोन्ही हातांतल्या ब्रेकांनी त्याला तोलून धरायचे. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. नवशिक्याने उडण्यापूर्वी तासन् तास हेच करायचे असते, आणि जुन्यानेही ते सोडायचे नसते. दोरीबाहेर बसलेल्या दीडशे पोरांनी केलेल्या कल्लोळाला रात्रीच्या नाटकातसुद्धा तोड नव्हती. एका मुलीने विचारले, “वारा थांबला तर?” म्हटले, “बाई, तू शिकलीस तर चांगली उडशील.”

तेथून गडचिरोलीला गेलो. १९८२ साली चांद्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा; तीन चतुर्थांश भूमी जंगलाची. हिवाळ्यात आभाळ सौम्य, पण चैत्र-वैशाखात हाच मुलूख ४५ अंशांवर तापतो. तेव्हा हवेचे खांब इतके जोरकस होतात की पंख चुरगळून टाकतील, आणि दुपारनंतरचा वळीव तर काळच. २००७ साली ऑस्ट्रेलियात मॅनिला गावी एवा विश्न्येर्स्का ही जर्मन वैमानिका अशाच ढगात ओढली गेली. सुमारे ९,९०० मीटरांवर नेऊन, बर्फाने माखून, बेशुद्ध करून त्या ढगाने तिला सोडले. ती दैवाने वाचली. त्याच दिवशी सापडलेला चिनी वैमानिक वाचला नाही. मोठा ढग दिसला की जमिनीवर असावे, एवढेच शास्त्र.

गडचिरोलीत मला पाहावयाची होती गिधाडे. वनखात्याने येथे गावकऱ्यांच्या मदतीने त्यांच्यासाठी ‘उपाहारगृहे’ काढली आहेत. निर्धोक मेलेली जनावरे तेथे टाकतात. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे वजन साधारण पाच किलो, म्हणजे माझा पंख आणि हे जनावर एकाच तराजूतले. परंतु विद्येत केवढे अंतर! सकाळी साडेआठला एक उंच झाडाच्या शेंड्यावर पंख पसरून बसले होते. वारा होता, ऊन होते, भूकही असणार. तरी ते हलले नाही. पाऊण तासाने जमिनीवरून पहिली गरम लाट उठली तेव्हा ते अलगद सुटले आणि एकदाही फडफड न करता वर निघून गेले.

अशा या हवेच्या राजाला कोणी मारले? हवेने नव्हे. १९९२ ते २००७ या काळात भारतात या जातीची हजारातली नऊशे नव्याण्णव गिधाडे नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर टोचलेले डायक्लोफिनॅक मढ्यातून त्यांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली दहा गिधाडे ताडोबात आणली गेली, या आभाळात पुन्हा वस्ती करावी म्हणून. त्यांचेही भवितव्य खाली कोणत्या गोठ्यात कोणते औषध टोचले जाते आणि कोणत्या शेतावरून विजेची तार जाते यावर अवलंबून आहे.

गरुडाकडे पाहता पाहता त्या म्हाताऱ्यांनी विचारलेला प्रश्न मी आता कामशेतच्या नवशिक्यांनाही विचारतो. कुणी म्हणतो समोरच्या शेतात, कुणी तळ्याच्या काठी. मग मी दुसरी जागा विचारतो. ती सांगता आली की त्याच्या पट्ट्या, बकले, दोऱ्या तपासतो आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा करतो. सांगता आली नाही, तर दोघे मिळून पंखाची घडी घालतो. पण नेहमीच्या रेघेवर नव्हे.